कंट्रोलचे उंदीर

डॉ. वामनराव पांढरीपांडे यांच्या प्रयोगशाळेत काहीही चुकत नसे. चुकलंच, तर ते दुसऱ्याचं चुकलेलं असे आणि तो दुसरा कोण, हे वामनरावांना पाच मिनिटांत कळत असे. त्यामुळे १९७४ सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांची विद्यार्थिनी वच्छला मेश्राम आकड्यांचा कागद घेऊन टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कंट्रोल बिघडलं," तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं,

"कोणी बिघडवलं?"

कंट्रोल म्हणजे ज्यांना काहीच करायचं नाही असे उंदीर. वच्छलाच्या प्रयोगात पांढऱ्या उंदरांचे दोन गट होते. एका गटाला हार्मोनचं इंजेक्शन, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. चार-पाच तासांनी दोन्ही गट कामी यायचे, म्हणजे त्यांची लिव्हरं बर्फात ठेवून वाटली जायची आणि त्यातलं एक एन्झाइम मोजलं जायचं. हार्मोन लिव्हरमधल्या जीन्सना हुकूम सोडतं, जीन्स कामाला लागतात आणि एन्झाइम भराभरा वाढतं. मिठाच्या पाण्याचे उंदीर शंभरावर आणि हार्मोनचे चारशेवर, हा तो फरक. या फरकावर वच्छलाचा सगळा प्रबंध उभा होता.

आता मिठाच्या पाण्याचे उंदीरही अडीचशेवर गेले होते. ज्यांना कोणी हुकूम सोडला नव्हता, तेही कामाला लागले होते.

वच्छलाची शिष्यवृत्ती एकतीस मार्चला संपणार होती. त्याच्या आत प्रबंध गेला नाही, तर चार वर्षांचं काम पाण्यात. तिचे वडील गिरणीत फिटर, घराण्यात मॅट्रिक झालेली तीच पहिली. पोरगी डॉक्टर होणार हे आईनं वस्तीभर सांगून ठेवल्यामुळे शेजारणी आत्तापासूनच खोकला दाखवायला येत होत्या. त्यांना परत पाठवायचं वच्छलाच्या जिवावर येई. वामनरावांनाही हे ठाऊक होतं. शिवाय आजवर त्यांच्या हाताखालचा एकही विद्यार्थी प्रबंधाविना परत गेला नव्हता, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"चिंता करू नको," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे गरजले. त्यांचा घरगुती आवाजही महाल भागातल्या त्यांच्या घरातून पुढच्या चौकापर्यंत जात असे. "मी आहे ना! पहिले केमिकल्स बदल. सलाइन मी स्वतः करतो. आणि सकाळचा राऊंड आता अजून कडक!"

हा सकाळचा राऊंड एक जानेवारीपासून सुरू झाला होता. डिसेंबरात वामनराव बंगलोरच्या परिषदेला गेले होते. तिथं एका गोऱ्या साहेबानं भाषणात सांगितलं, की संशोधकानं प्राणिगृहात रोज स्वतः गेलं पाहिजे. साहेब तिथं जाऊन काय करतात, ते त्यानं सांगितलं नाही. ते वामनरावांनी आपल्या मनानं ठरवलं. ते पूर्वी एन.सी.सी.चे अधिकारी होते.

डिपार्टमेंटच्या मागं कडुनिंबाखाली टिनाच्या छपराची लांबट खोली होती. तेच प्राणिगृह. तिथं सकाळी साडेसातला दाराशी त्यांची लॅम्ब्रेटा स्कूटर थांबे. वामनराव आत शिरताच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून पिंजऱ्यांच्या जाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कर्रर्रकन ओढत नेत. मग हजेरी.

"नंबर एक!"

"हजर, सायेब," असं उंदरांची देखभाल करणाऱ्या बळीरामला म्हणावं लागे. उंदीर बोलत नाहीत, त्याला त्याचा इलाज नव्हता.

"नंबर दोन! हा काहून कोपऱ्यात बसला? समोर ये! शेपटीवरची पिवळी पट्टी पुसट झाली याची. बळीराम, लक्ष कुठं आहे तुझं?"

मग नंबर दोनला शेपटीला धरून वर उचलायचं, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं आणि खाली ठेवायचं. असे चोवीस उंदीर. बळीराम वीस वर्षं या खोलीत होता. तो उंदरांशी कुजबुजत बोले, पायात चपला घालत नसे आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी बोटानं हलकेच टिचकी मारून वर्दी देई. तिसऱ्याच दिवशी तो धीर करून म्हणाला होता, "सायेब, उंदरं भेऊन राहिले."

"भीत नाहीत गा, शिस्त लागून राहिली त्यांना," वामनराव म्हणाले आणि विषय संपला.

केमिकल्स बदलली. सलाइन वामनरावांनी स्वतः केलं. संक्रांतीला बळीरामनं उंदरांना चिमूट चिमूट तिळगूळ दिल्याचं उघडकीला आलं, तेव्हा आरोपी सापडला म्हणून वामनराव मनातून खूश झाले. पण तिळगूळ बंद करूनही कंट्रोल दोनशे साठच्या खाली येईना.

"मग खानदानात खोट आहे," त्यांनी निकाल दिला.

हे उंदीर एकाच कुळातले होते. वीस पिढ्या भावाबहिणींचीच लग्नं लावून सगळे एकसारखे केलेले, म्हणजे एकाचं लिव्हर ते सगळ्यांचं. बळीरामला हा कारभार पहिल्यापासून मान्य नव्हता, पण नोकरी म्हणून तो लग्नं लावत होता. आता वामनरावांनी विचारलं, "बाहेरचा कोणी काळा उंदीर घुसला असेल आत. खरं सांग."

बळीरामला हे फार लागलं. "सायेब, मले काय म्हणाचं ते म्हणा. पन माह्या पोरीईवर असा आळ नोका घेऊ."

"आळ नाही बाबा, जेनेटिक्स आहे हे! मी स्वतः हैदराबादला जातो. अस्सल खानदानी उंदीर घेऊन येतो. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

घरी देवकीबाईंनी दशम्या बांधून दिल्या. देवकीबाई मूळच्या नरखेडकडच्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण त्यांची बोली तिकडचीच राहिली आणि आवाज दोन्हीकडच्या मानानं बेताचा. त्यांना पित्ताचा जुना त्रास. सकाळी छातीत जळजळ सुरू झाली की त्या गोळी घेत आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारत, कारण वैद्यांनी तसं सांगितलं होतं. कॅलेंडरवर रोजचीच फुली. पित्ताचं कारण वामनरावांना पंधरा वर्षांपूर्वीच सापडलं होतं.

"तिखट! तुमच्या माहेरचं ते तिखट! किती वेळा सांगू, तर्री बंद कर! टॉवेल कुठं आहे माझा? चष्मा? अगं, गाडी सुटेल!"

"चष्मा डोयाले आहे तुमच्या," देवकीबाई म्हणाल्या आणि फुली मारायला आत गेल्या.

वामनराव चार दिवस हैदराबादला होते. पाचव्या दिवशी ब्रेकव्हॅनमधून खानदानी उंदरांच्या पेट्या उतरवून घेत ते स्टेशनवरून थेट डिपार्टमेंटला पोचले, तर वच्छला दारातच उभी.

"सर, तुम्ही नव्हते तेव्हा जुन्याच उंदरांवर प्रयोग केला. कंट्रोल एकशे चारवर आलं!"

"आलं?" वामनराव क्षणभरच थबकले. "येणारच! जाताना सलाइन कोणी केलं होतं? मी! त्याचा गुण आहे हा."

"पण सर, ते सलाइन तर आधीच्या आठवड्यातही..."

"मुरायला वेळ लागतो."

मिठाचं पाणी मुरतं, हे वच्छलानं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मागं उभ्या असलेल्या बळीरामनं कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं आणि खाकरून घसा साफ केला.

नव्या उंदरांना नव्या जागेची सवय व्हावी म्हणून वामनरावांनी दिवसातून दोन राऊंड सुरू केले. पाहुणे हैदराबादचे, त्यांना मराठी कळणार नाही असं काही त्यांना वाटलं नसावं. तरी नंबर मात्र ते आता हिंदीत पुकारू लागले. आठवड्याच्या शेवटी कंट्रोल तीनशे दहावर गेलं.

"कोणीतरी घातपात करून राहिलं," वामनराव म्हणाले. त्यांची नजर बळीरामवर होती. "वच्छला, आजपासून वही ठेव. प्राणिगृहात काय काय होतं ते सगळं लिही. उकाडा किती, खाणं किती, कोण आलं, किती वाजता आलं, किती मिनिटं थांबलं. एक मिनिटही सुटता कामा नये. आकडा खोटं बोलत नाही. कोण आहे तो, महिन्यात सापडेल!"

वच्छलानं वही ठेवली. जानेवारीपासूनचे मागचे दिवसही तिनं बळीरामला विचारून पहिल्या पानांवर लिहून काढले. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि हुकूम म्हटल्यावर ती काही गाळणारी नव्हती. दहाव्या दिवशी रात्री घरी कंदिलाऐवजी नुकत्याच आलेल्या विजेच्या दिव्याखाली तिनं वही आणि एन्झाइमचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि तिच्या हातातली पेन्सिल थांबली. मग आईनं विचारलं, "काहून वं, काय झालं?" तेव्हा ती म्हणाली, "आई, कोण आहे ते सापडलं. पण सांगू कशी?"

दुसऱ्या दिवशी तिनं बळीरामला गाठलं.

"बळीरामकाका, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलले काहून नाही?"

"बोललो होतो ना एक डाव. शिस्त लागून राहिली म्हने." बळीरामनं हातातला उंदीर कुरवाळला. "बाई, वीस साल नोकरी झाली. सायबाले सायेबच चुकला म्हनून सांगाचं काम माह्या ड्युटीत नाही लिहेल."

इकडे मार्च उजाडला. उकाड्यासाठी खसचे पडदे लागायची वेळ आली आणि वामनरावांचा धीर सुटला. म्हणजे त्यांना तसं वाटलं नाही. त्यांना वाटलं, आपण निर्णायक पाऊल उचललं. सकाळी सात वाजता ते स्टूल घेऊन प्राणिगृहात येऊन बसले आणि म्हणाले, "आज बारा वाजेपर्यंत मी इथून हलत नाही. पाहतो कोण येतो!"

पाच तास ते बसले. अधूनमधून हजेरी घेतली. उंदरांना एन.सी.सी.च्या शिबिरातल्या दोन गोष्टी सांगितल्या. बळीराम दोनदा आत आला, तेव्हा दोनदा "कोण आहे?" असा एवढा मोठा आवाज दिला, की रस्त्यावरचा एक सायकलवाला उतरून उभा राहिला. उंदीर सगळे आपापल्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकावर एक चढून बसले होते. वामनरावांच्या मते ते लक्ष देऊन ऐकत होते.

त्या दिवशी कंट्रोल चारशे तीसवर गेलं. ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, ते हार्मोन टोचलेल्यांच्याही पुढे निघून गेले.

आता दिवस उरले होते सव्वीस. वच्छलाला रात्रभर झोप आली नाही. सकाळी तिनं एक आलेख काढला, पदर खोचला आणि सरांच्या खोलीत गेली. पाठोपाठ बळीराम आला. त्याला बोलावलेलं नव्हतं, पण तो आला.

वामनरावांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. चांगला आलेख दिसला की ते सगळी दुःखं विसरत. उभ्या रेघेवर एन्झाइम, आडव्या रेघेवर नुसतं 'क्ष'. ठिपके एकामागून एक वर चढत गेलेले, एकही वाट चुकलेला नाही.

"वा! वा, वच्छला! काय सुंदर आलेख आहे! शून्याला शंभर, दहाला अडीचशे, वीसला तीनशे दहा, आणि हे वरचं टोक... डोस वाढला की एन्झाइम वाढलं! इतकं स्वच्छ काम मी विलायतेतलंसुद्धा पाहिलं नाही. कोणतं हार्मोन आहे हे?"

"हार्मोन नाही, सर. म्हणजे, हार्मोन उंदराच्या आतलंच. उंदीर घाबरला की त्याच्या ग्रंथीतून तेच हार्मोन सुटतं. आपण टोचतो तेच."

"बरोबर! एकदम बरोबर! म्हणजे आपल्या कंट्रोलला कोणीतरी रोज घाबरवून राहिलं. मी म्हणत होतो ना, घातपात आहे म्हणून! आणि हा 'क्ष' काय आहे?"

"मिनिटं, सर."

"कशाची मिनिटं?"

वच्छलानं जमिनीकडे पाहिलं. शेवटी बळीरामच पुढं झाला. टोपी काढून हातात घेत तो हळूच म्हणाला,

"तुमची, सायेब."

वामनरावांनी बळीरामकडे पाहिलं. मग वच्छलाकडे. मग वही मागितली. पानं उलटत गेले. डॉ. पांढरीपांडे, साडेसात ते सात चाळीस. डॉ. पांढरीपांडे, सायंकाळी पाच ते पाच दहा. डॉ. पांढरीपांडे, सात ते बारा, स्टुलावर. हैदराबादच्या चार दिवसांत शून्य मिनिटं आणि एकशे चार. आकडा खोटं बोलत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं.

दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. वच्छलाच्या चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपली शिष्यवृत्ती आजच संपली, असं तिला वाटलं. पण माणूस अस्सल होता. आकड्याशी भांडण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची छाती पुन्हा भरून आली, "इंजेक्शन न टोचता, लांबून उभं राहून, नुसत्या आवाजानं मी उंदराच्या जीन्सपर्यंत पोचलो?"

"हो, सर."

"हार्मोनच्या बाटलीपेक्षा वीसेक एककं जास्तच?"

"तीस, सर."

"मग हा आलेख प्रबंधात गेलाच पाहिजे! वेगळं प्रकरण कर. 'क्ष' काहून? माझं नाव टाक!"

"तुमचं नाव आभारात टाकते, सर," वच्छला म्हणाली. तिला किती दिवसांनी हसू आलं होतं.

त्या दिवसापासून वामनरावांनी प्राणिगृहाच्या पंचवीस पावलं अलीकडे लॅम्ब्रेटा बंद करून ढकलत न्यायला सुरुवात केली. आत पाऊल टाकलं नाही. खिडकीतून बळीरामला खुणेनं विचारत, बळीराम खुणेनंच 'हजर' म्हणे. तीन आठवडे कंट्रोल शंभरावर राहिलं. एकोणतीस मार्चला प्रबंध गेला. आभारात लिहिलं होतं : "ज्यांच्या उपस्थितीशिवाय आणि अनुपस्थितीशिवाय हे काम पूर्ण झाले नसते, ते माझे मार्गदर्शक." बळीरामनं त्या संध्याकाळी सगळ्या उंदरांना चिमूट चिमूट पेढा दिला. या वेळी ते कोणी उघडकीला आणलं नाही.

त्या संध्याकाळी वामनराव घरी आले ते गर्जतच. पाटावर बसून त्यांनी देवकीबाईंना सगळी हकिकत सांगितली, हातवारे करून, किल्ल्यांच्या जुडग्यासकट.

"मी आत शिरलो, की इकडे लिव्हर कामाला लागलंच म्हण! तू विचार कर, मुका प्राणी, पण आवाजाचा त्याच्यावर किती परिणाम!"

देवकीबाई पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

"आन् तुम्ही नसले, तं?"

"नसलो तर दुसऱ्याच दिवशी उतरतं! शंभरावर! हैदराबादला गेलो तेव्हा उतरलंच ना. फेब्रुवारीच्या सहा ते नऊ. वहीत आहे."

पीठभरल्या हातानं देवकीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागं उलटलेलं फेब्रुवारीचं पान पुढं घेतलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. वामनराव काय आहे म्हणून उठून जवळ गेले.

फेब्रुवारी. एक ते पाच फुल्या. दहापासून अठ्ठावीसपर्यंत फुल्या. मध्ये सहा, सात, आठ, नऊ. चारही चौकोन स्वच्छ, पांढरे.

"तिखट बंद केलं असशील त्या दिवसांत," वामनराव म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"नरखेडचा भाऊ आलता ना राह्याले. चारही दिवस पाटोडीचा रस्सा केला. वाटी वाटी तर्री घेतली आमी दोघाईनं," देवकीबाई म्हणाल्या. "मले वाटलं, गोळीचाच गुन आला."

वामनरावांनी जानेवारीचं पान पाहिलं. मग कपाटावरून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. डिसेंबरात बंगलोरचे पाच दिवस होते, तिथंही पाच चौकोन पांढरे. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. विलायतेतलंसुद्धा इतकं स्वच्छ काम नव्हतं. चोवीस वर्षं ते या घरात रोज राऊंड घेत आले होते आणि हजेरी देणारं माणूस एकच होतं. मग ते देवकीबाईंच्या हातातलं लाटणं हळूच काढून घेत, अगदी बळीराम बोलतो तसं, कुजबुजल्यासारखं म्हणाले,

"देवकी, तू बस जरा. उद्यापासून सकाळचा चहा मी करत जाईन."

देवकीबाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं आणि कानावरचा पदर मागं सारला.

"काय म्हनता? मोठ्यानं बोला ना जरा, काहीच आयकू नाही आलं."